डाव्या गालाचे देणे

तात्यांच्या पणजोबांना लोक 'हलका हात' म्हणत. ते चौकातल्या भिंतीला आरसा टांगून उभ्याने दाढ्या करीत. आजोबांना 'मुके' म्हणत, कारण वस्तरा हाती असताना ते शब्द काढीत नसत, आणि वस्तरा त्यांच्या हातून क्वचितच सुटे. वडिलांना 'खुर्चीवाले' हे नाव पडले, कारण पायाने दाबून वर चढवायची खुर्ची गावात पहिल्यांदा त्यांनी आणली. त्या खुर्चीत ते स्वतः मात्र जन्मात एकदाही बसले नाहीत. "खुर्ची गिऱ्हाइकाची, जमीन कारागिराची," हे त्यांचे वाक्य. ते त्यांनी दुकानात कुठे लिहून लावले नव्हते. लिहून लावावी लागतात ती वाक्ये कुणी पाळत नाही.

अशा तीन उभ्या पिढ्यांच्या पाठीवर जन्मलेले तात्या गेल्या हिवाळ्यात एके सकाळी बिछान्यातून उठायला गेले आणि उठले नाहीत. झटका सौम्य आहे, असे डॉक्टर म्हणाले. झटका दुसऱ्याला आला की तो सौम्यच असतो. वाचा शाबूत राहिली, उजवा हात शाबूत राहिला, डावा हात काही धरण्यापुरता उरला. डाव्या पायाने मात्र घराण्याची रीत सोडली. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक अरुंद बोळ. त्या बोळातून कात्रीचा आवाज रोज आत येई आणि तात्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

पायाचे दुःख त्यांना होतेच. पण त्यांना खरे खात होते ते एक देणे. पैशाचे नव्हे, गालाचे.

गोष्ट त्यांचा मुलगा जन्मला त्या सकाळची. त्या वेळी खुर्चीत शाळेचे हेडमास्तर बसले होते. वरिष्ठ साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून मास्तरांनी आपली भरघोस दाढी काढायचे ठरवले होते. तात्यांनी उजवा गाल आरशासारखा केला, डाव्या गालावर वस्तरा टेकवणार, तोच दारातून कुणीतरी ओरडले, "मुलगा झाला!" तात्या वस्तऱ्यासकट पळाले. ते परतले दुसऱ्या दिवशी. मास्तर बिचारे फेस वाळेपर्यंत थांबले आणि मग तसेच शाळेत गेले. दिवसभर साहेबांना ते एकच बाजू दाखवण्याची शिकस्त करीत होते. परंतु शाळेला कोपरे फार. संध्याकाळी साहेब समाधानाने म्हणाले, "तुमचे दोन्ही हेडमास्तर चांगले आहेत, त्यातल्या त्यात तरुण जरा जास्त तडफदार वाटले." मास्तरांनी घरी जाऊन उरलेली दाढी स्वतःच्या हाताने उतरवली. तिची खूण म्हणून डाव्या जबड्यावर एक व्रण कायमचा राहिला.

"बसा मास्तर, आत्ता फेडतो," असे तात्या पुढे कितीदा म्हणाले असतील! मास्तर दर वेळी मान हलवीत. "घाई काय आहे? बाकी उरली म्हणजे उदाहरण सुटलं नाही. राहू दे की, नातं टिकतं." नाते इतके टिकले की पुढे मास्तरांची मुलगी तात्यांची सून झाली. तरीही चारचौघांत मास्तर आपला डावा गाल पुढे करून म्हणत, "हा आमच्या व्याह्यांकडे अडकलाय."

आणि तेच मास्तर तात्या आजारी पडल्यापासून गालाविषयी अवाक्षर काढीत नव्हते. दर रविवारी येत, औषधांची चौकशी करीत, हवापाण्यावर बोलत आणि जात. दाढीसुद्धा वाढवून बसले होते, विचारले तर म्हणत, "कातडी नाजूक झालीये, वस्तरा सोसत नाही."

"बघितलंस?" तात्या एकदा माईंना म्हणाले. माई म्हणजे त्यांची पत्नी आणि त्या घराची सरकार. "मास्तरांनी गाल माफ केला मला."

"मग बरंच झालं की."

"बरं काय झालं? येणं असलेला माणूस मागायचा थांबतो कधी? समोरच्याकडून आता काही वसूल होणार नाही, अशी खात्री पटल्यावर. त्यांनी मला बुडीत खात्यात टाकलंय."

 दुसऱ्या दिवशी माईंनी सुताराला बोलावून खोलीचा उंबरा काढवला, बोळातल्या पायऱ्यांवर लाकडी उतरण बसवून घेतली आणि तात्यांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना निरोप धाडला, "तुम्ही त्या दिवशी म्हणत होता ते यंत्र घेऊन या."

यंत्र आले. खाली चार चाकांची चौकट, तिच्यावर पाय ठेवायला फळी, पुढे गुडघे टेकायला गादी, त्यावर धरायला आडवी दांडी, आणि मागच्या बाजूला दाराच्या दोन झडपांसारखी मिटणारी दोन छोटी आसने. माणसाने पलंगाच्या कडेला बसायचे, पाय फळीवर ठेवायचे, गुडघे गादीला टेकवायचे, दांडी धरून पुढे वाकायचे आणि स्वतःला वर ओढायचे. उभा राहिला की मागची आसने मिटायची, म्हणजे त्याला त्यांवर टेकता येते. मग त्याला न्यायचे तिकडे ढकलत न्यावे.

"तात्या, हे यंत्र तुम्हाला उठवणार नाही हं," बाई म्हणाल्या. "उठायचं तुम्हीच. हे फक्त तुम्हाला पडू देणार नाही."

तात्यांनी गिऱ्हाइकाचे डोके पाहावे तसे यंत्र चारी बाजूंनी न्याहाळले. "मागच्या त्या दोन झडपा कशाला?"

"उठल्यावर टेकायला."

"म्हणजे बसायला."

"बसायला नाही हो, टेकायला."

"बाई, ढुंगण ज्याला लागतं त्याला आमच्या घरात बसणंच म्हणतात."

"अहो!" माई कडाडल्या.

"आणि मला काय ढकलत नेणार? मी सामान आहे?"

"सामान असतात तर सोपं होतं," माई म्हणाल्या. "सामान वाद घालत नाही."

बाईंनी हसू आवरून मागच्या दोन चाकांपाशी असलेल्या दोन पट्ट्या दाखवल्या. पायाने एकदा दाबली की चाक अडकते, पुन्हा दाबली की सुटते. "सगळ्यात आधी दोन्ही ब्रेक. मग पाय, मग गुडघे, मग बाकीचं. उठवताना जवळ दोघं तरी हवेत. आणि एकदा लावलेल्या ब्रेकला कुणी पाय लावायचा नाही. नीट लक्षात राहील ना?"

"बाई," माई म्हणाल्या, "एवढं घर चालवलंय मी. चार चाकं काय मोठी लागून गेली?"

पुढच्या रविवारी मास्तर आले, तेव्हा त्यांची मुलगी दारातच उभी होती. "बाबा, आज ही दाढी उतरवल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. शर्टाचं वरचं बटण कधीचं दिसलं नाहीये मला."

"अगं, कातडी..."

"कातडीचं बघू आम्ही. बसा खुर्चीत."

चाळीस वर्षे वर्ग हाताळलेला माणूस मुलीपुढे निमूट बसला. तात्यांच्या मुलाने कात्रीने दाढी बोटभर राखली, गरम पाण्याचा टॉवेल फिरवला आणि दोन्ही गालांवर भरपूर फेस चढवला. वस्तरा परजून तो पुढे वाकणार, एवढ्यात आतून माईंचा आवाज आला.

"अरे ए! आत ये आधी. तात्या तयार झालेत. त्यांचं मन फिरायच्या आत उठवू या."

"माई, इथं बाबांना फेस..."

"फेस कुठं पळून जातोय?"

मुलाने वस्तरा ठेवला आणि तो आत पळाला. मास्तर आरशातल्या फेसाळलेल्या स्वतःला उद्देशून म्हणाले, "खानदानी आहे हो हे. रक्तातच आहे." बाकावर थांबलेली दोन-तीन गिऱ्हाइके मान डोलावून हसली.

आत सगळे अगदी शिस्तीत झाले. माईंनी आज्ञा दिल्या आणि मुलाने पाळल्या. दोन्ही ब्रेक लागले. तात्यांचे पाय फळीवर आले, गुडघे गादीला टेकले, दोन्ही हातांनी दांडी धरली.

"वाका पुढे. ओढा आता. अहो, ओढा म्हणजे हातांनी, तोंडानं नव्हे!"

तात्यांनी ओठ मिटले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. पलंगाची कड त्यांच्याखालून सुटली, पाठ हळूहळू सरळ होत गेली, आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तात्या आपल्या पुऱ्या उंचीचे झाले. मुलाने मागच्या झडपा मिटल्या.  तात्या मान वळवून हळूहळू सगळीकडे पाहत होते. पडून पाहिलेली खोली आणि उभ्याने पाहिलेली खोली या दोन वेगळ्या खोल्या असतात.

"कपाटावर धूळ साचलीये," ते म्हणाले.

"उठल्या उठल्या चुका काढू नका," माई म्हणाल्या. पण त्यांनी डोळे पुसले ते काही धुळीमुळे नव्हे.

इथवर सारे व्यवस्थित होते. घोटाळा केला तो सवयीने. मुलगा चौथ्या पिढीचा कारागीर. दुकानातून धावत येताना त्याच्या खांद्यावर गिऱ्हाइकाला गुंडाळायचे पांढरे कापड तसेच राहिले होते. समोर एक मनुष्य गुडघे जुळवून, हात पुढे घेऊन, मान ताठ करून स्थिर झालेला पाहताच त्याच्या हातांनी त्याला न विचारता आपले काम केले. कापड फटकन झटकले गेले, तात्यांच्या अंगावरून, दांडीवरून, यंत्राच्या चौकटीवरून घेर धरून खाली आले आणि मानेमागे त्याची घट्ट गाठ बसली.

"अरे, मला काय कापतोस?" तात्या कापडातून म्हणाले.

हातांनी एवढे केल्यावर पाय मागे कसे राहतील? गिऱ्हाईक गुंडाळले की खुर्ची दोन दट्टे वर घ्यायची, हे त्या घरच्या पायांना चालायला लागण्यापूर्वीपासून ठाऊक. मुलाच्या उजव्या पायाने कापडाखाली पट्टी शोधली आणि दाबली.

ब्रेक सुटला. एकच सुटला, म्हणून यंत्र कंपासासारखे अडकलेल्या चाकाभोवती डुलत फिरले आणि खिडकीकडे तोंड करून असलेले तात्या दरवाजाकडे तोंड करून थांबले.

"हे काय केलंस?" तात्या ओरडले.

"माई, पट्टी चुकून दाबली गेली! आता?"

"आता काय? दुसरीही दाब!" माईंनी क्षणाचाही विलंब न लावता हुकूम सोडला. ब्रेक लावण्यासाठी पट्टी दाबायची असते, हे त्यांना पक्के आठवत होते. सोडण्यासाठीही तीच दाबायची असते, हे त्या क्षणी आठवत नव्हते. माईंचा हुकूम चुकतो असे त्या घरात कुणी म्हणत नसे; त्या दिवशी यंत्र चुकले, असेच सर्व जण आजही सांगतात.

मुलाने दुसरी पट्टी दाबली. खोलीच्या फरशीला पाणी निघून जावे म्हणून दाराकडे किंचित उतार होता.

घराला उंबरा का असतो, हे तो काढून टाकल्यावर कळते. तात्या उभ्याने, धीमेपणाने, मुलाच्या हातून निसटून दारातून बाहेर पडले. मुलाने झेप घेऊन ब्रेक गाठायचा प्रयत्न केला; पण हाताला ब्रेक कुठला लागणार, नुसते कापड. ते ओढावे तर तात्यांचा गळा आवळतो, सोडावे तर तात्या जातात. त्याने सोडले. बोळात सूनबाई फरशी पुसत होती. पांढऱ्या कापडातले सासरे उंचावरून आपल्याकडे येताना पाहून तिने भिंतीला पाठ लावून वाट दिली.

"तात्या! कुठे निघालात?"

"मला काय विचारतेस! यांना विचार!"

पुढे सुताराची उतरण. सुताराने ती मोठ्या कौशल्याने रंधून गुळगुळीत केली होती. तिच्यावरून यंत्र असे सरकले की एक खडखडाट होईल तर शपथ. दुकानाच्या दारातून तात्या आत प्रवेशले, तेव्हा वाऱ्याने कापडाला घेर आला होता. बाकावरची गिऱ्हाइके नकळत उठून उभी राहिली. खुर्चीच्या डाव्या कडेला हलकेच घासून यंत्र पुढे गेले आणि आरशाखालच्या फळीला त्याच्या रबराची टक्कर लागून, जणू तेथेच यायचे होते असे, थांबले.

मास्तरांना आरशात शेजारी एक उंच पांढरी आकृती दिसली. त्यांच्या तोंडात थोडा फेस गेला.

"तात्या... गेलात की काय हो?"

"गेलो असतो तर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो असतो?"

"यायलाच हवं होतं. येणं आहे माझं."

मास्तरांच्या तोंडून ते भीतीपोटी निसटले होते. पण तात्यांच्या कानांना ते औषधाहून गोड लागले. कितीतरी महिन्यांनी मास्तरांनी मागितले होते!

तोवर मुलगा, माई, सूनबाई सगळी धावत पोहोचली. "तात्या, लागलं का कुठं? गुडघा? हात? थांबा, खुर्ची आणतो, बसवतो तुम्हाला."

"कोण बसतंय?" तात्या म्हणाले. "आधी ब्रेक लाव. दोन्ही. आणि लावल्यावर हलवून बघ."

मुलाने ब्रेक लावले, हलवून पाहिले. माई या वेळी काही बोलल्या नाहीत, ही त्या दिवसातली दुसरी असाधारण घटना.

"गाठ सोड."

गाठ सुटली. कापडातून तात्यांचे हात बाहेर आले. डाव्याने त्यांनी दांडी पकडली. उजव्या हाताशी, अगदी हवा तितक्या अंतरावर, मास्तरांचा डावा गाल होता. फेसाने भरलेला, बोटभर दाढीचा, पाण्याने मऊ झालेला. तात्यांनी उजवा हात आपल्या डोळ्यांसमोर धरला. तो किंचित थरथरत होता.

"वस्तरा," ते म्हणाले.

मुलाने माईंकडे पाहिले. माईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांच्या जबड्यावर फेसाखाली तो जुना व्रण होता, आणि ते व्रण विसरणारे गृहस्थ नव्हते. 

"द्या त्यांना," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान मागे टेकवली. "माझं येणं आहे, मला काळजी नाही, तुम्हाला का?"

वस्तरा तळहातात आला आणि थरथर थांबली. माणूस विसरतो, हात विसरत नाही. मात्र एक अडचण होती. गालाची कातडी ताणायची ती डाव्या हाताने, आणि डावा हात तर दांडी सोडू शकत नव्हता.

"मास्तर, गाल फुगवा."

"उभं आयुष्य तुमच्यावर गाल फुगवूनच काढलं."

"तेव्हा उपयोग नव्हता. आत्ता फुगवा. आणि बोलू नका. आमचे आजोबा मुके होते ते उगाच नाही."

मास्तरांनी गाल फुगवला. वस्तरा कानापासून निघाला तो एकाच लयीत खाली आला. त्याचा तो बारीक करकर आवाज दुकानात भरून राहिला; रस्त्यावरून जाणारी एक बाई काय चालले आहे म्हणून डोकावली आणि तीही थांबली. मग वस्तऱ्याचा दुसरा हात, तिसरा हात. जबड्यावरच्या व्रणापाशी तात्या क्षणभर थबकले आणि त्याच्याभोवतीने इतक्या अलगद गेले की मास्तरांचे डोळे मिटले. सूनबाईने वाकून पाहिले.

"बाबा, कातडी तर लोण्यासारखी आहे तुमची. कसली नाजूक न् कसलं काय? मग एवढे महिने दाढी कशाला राखली होतीत?"

मास्तरांचा गाल फुगलेला होता, त्यामुळे त्यांना उत्तर देता आले नाही. तात्यांनी आरशात त्यांच्याकडे पाहिले, मास्तरांनी आरशातूनच नजर वळवली, आणि मग तात्यांनी पुढचे दोन हात जरा अधिकच सावकाश फिरवले.

डावा गाल पुरा झाला. तात्यांनी ओला टॉवेल फिरवला, अंगठ्याने एकदा हनुवटीखाली पाहिले. गादीला टेकलेला त्यांचा डावा गुडघा आता थडथडत होता. कापडाचा घेर त्यावर होता, म्हणून गिऱ्हाइकांना तो दिसला नाही. माईंना दिसला.

"टेका आता," त्या हळूच म्हणाल्या.

"इथे? दुकानात? खुर्ची गिऱ्हाइकाची..."

"ही खुर्ची नाही, यंत्र आहे. आणि पाय जमिनीपासून वीतभर वर असताना जमीन कारागिराची आहे की गिऱ्हाइकाची, हे तुमच्या वडिलांनी कुठे सांगून ठेवलंय? टेका म्हणते ना."

हा मुद्दा तीन पिढ्यांत कुणी काढला नव्हता. तात्यांनी थोडा विचार केला आणि टेकले. मागच्या दोन झडपांनी त्यांचे वजन बिनबोभाट उचलले. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला.

"झालं, मास्तर."

मास्तरांनी आरशात पाहिले. डावीकडून एक तुकतुकीत तरुण हेडमास्तर त्यांच्याकडे पाहत होता, उजवीकडून एक फेसाळलेला म्हातारा.

"झालं काय? उजवा?"

"उजवा त्याच दिवशी केला होता. तुमचं येणं डाव्याचं होतं."

"अहो पण..."

"उजवा त्या दिवशी, डावा आज. एक दाढी पुरी. बाकी शून्य. सुटलं की नाही उदाहरण?"

"मी असा रस्त्यानं जाऊ?"

"सवय आहे तुम्हाला," माई म्हणाल्या.

मुलगा वस्तऱ्याकडे हात नेऊन म्हणाला, "बाबा, उजवा मी करतो, दोन मिनिटांचं काम..."

"हात काढ तो," मास्तर गरजले. बाकावरची गिऱ्हाइके दचकली. मास्तर खुर्चीतून उतरले, त्यांनी उजव्या गालावरचा फेस रुमालाने टिपला आणि ते तात्यांच्या समोर उभे राहिले. उभ्याने पाहिले तर तात्या अजूनही त्यांच्यापेक्षा उंच होते.

"उद्या किती वाजता उठता?"

"माई उठवील तेव्हा."

"सकाळी, पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी," माईंनी जाहीर केले. "आणि ब्रेक मी लावीन."

"मग उजवा गाल घेऊन येतो," मास्तर म्हणाले. टोपी जरा उजवीकडे कलती घालून, डावा गाल रस्त्याकडे करून, भिंतीच्या कडेकडेने ते ताठ मानेने निघून गेले. आणि खुर्चीवाल्यांच्या दुकानात, टेकून का होईना पण उभे असलेले तात्या आरशात स्वतःकडे पाहत म्हणाले, "फिटलं. सगळं फिटलं."